वड्याचा कागद आणि पापणीवरचा तपकिरी

न्यूट्रल पॅलेट म्हणजे बदामी, मातकट, तपकिरी, चॉकलेटी अशा नऊ-बारा खणांचा आयशॅडोचा डबा. त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार अशी: डब्यात रंग सुरेख दिसतो, पापणीवर मात्र राख फासल्यासारखा होतो, म्हणजे माल डुप्लिकेट. दुसरी तक्रार नेमकी उलटी: सकाळी लावलेला फिकट बदामी दुपारपर्यंत काळपट होतो. डुप्लिकेट माल बाजारात असतोच, पण या दोन्ही गोष्टी अस्सल, महागड्या पॅलेटमध्येही घडतात. दहावीत शिकलेल्या अपवर्तनांकावरून (माध्यमात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणाऱ्या आकड्यावरून) दोन्हींचा उलगडा होतो.

आधी डब्यात काय आहे ते पाहू. तपकिरी रंग जवळजवळ सगळा लोखंडाच्या ऑक्साइडचा. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे असतात, ते अनुक्रमे लाल, पिवळ्या आणि काळ्या ऑक्साइडचे. लाल म्हणजे गेरूतला रंग, पिवळा म्हणजे पिवडीतला. माथेरानच्या लाल मातीला रंग देतो तोच हा पदार्थ. तिन्ही वेगवेगळ्या प्रमाणात मिसळले की सगळ्या तपकिरी छटा निघतात. फिकट करायला ७७८९१, म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड घालतात. बाकी भर टाल्क नाहीतर अभ्रकाची, आणि भुकटी खणात दाबून बसावी म्हणून थोडं तेल किंवा सिलिकोन.

आता वडापाव गुंडाळलेला कागद आठवा. वड्याचं तेल लागतं तिथे कागद पारदर्शक होतो. कोरडा कागद पांढरा दिसतो, कारण तंतू आणि मधली हवा यांच्या प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परततो, आणि अशा सीमा असंख्य असतात. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांची वजाबाकी भागिले बेरीज, त्याचा वर्ग: सरळ पडलेल्या प्रकाशाचा तेवढा भाग सीमेवरून परततो. टाल्कचा अपवर्तनांक सुमारे १.५७, हवेचा १. उत्तर येतं जवळपास ५ टक्के. हवेच्या जागी त्वचेचं तेल शिरलं, त्याचा सुमारे १.४७ धरा, तर उत्तर ०.१ टक्का. परतणारा प्रकाश एकदम पन्नासाव्या हिश्श्यावर येतो. टाल्कचा पांढरेपणा जवळजवळ विरून जातो, आणि त्याने फिकट केलेला तपकिरी गडद होऊन वर येतो. दुपारचा काळपटपणा तो हाच.

टिटॅनियम डायऑक्साइडचं गणित वेगळं आहे. त्याचा अपवर्तनांक सुमारे २.७. हवेत २१ टक्के प्रकाश परततो, तेलात बुडाला तरी जवळपास ९. म्हणजे तेल आलं, घाम आला, तरी हा पांढराच राहतो. त्याचे कण साधारण पाव मायक्रॉनचे असतात आणि पातळ थरात ते निळा प्रकाश लालपेक्षा जास्त विखुरतात. ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर पातळ दूध सांडलं की कडेला निळसर दिसतं, तेच दूध स्टीलच्या वाटीत पांढरं असतं. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर टिटॅनियमचा पातळ थर असाच निळसर-करडा दिसतो. राख दिसते ती ही. त्वचेत काही खोट नाही. गोऱ्या त्वचेसमोर ठेवून जुळवलेली छटा आपल्याकडे ‘न्यूट्रल’ म्हणून विकली जाते, एवढंच. घटकांच्या यादीत रंगद्रव्यं बहुधा शेवटी एकत्र छापतात, त्यामुळे टिटॅनियम किती ते वाचून कळत नाही. लावूनच बघावं लागतं.

कसं लावून बघायचं? मनगटावर बोटाने ओढलेली रेघ फसवते, कारण बोटाचं तेल आणि दाब दोन्ही रंग गडद करतात. कोरड्या, मऊ ब्रशने हाताच्या आतल्या बाजूला पातळ थर द्या आणि गोखले रोडवरच्या दुकानातून दोन मिनिटं बाहेर उजेडात या. पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश मुळात कमी असतो, म्हणून आत राखाडी झाक लपते.

घरी लावताना पापणी टिपून कोरडी करा. दोन्ही डोळ्यांना मिळून अर्ध्या तांदळाएवढा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा खालचा लेप, पुरतो. तो बोटाने पसरून मिनिटभर सुकू द्यायचा. घाई केली तर ओला प्रायमर भुकटीत शिरतो आणि रंगाचे गडद ठिपके पडतात, मग कितीही ब्रश फिरवला तरी ते जात नाहीत. त्वचेपेक्षा एक-दोन पायऱ्या गडद, मॅट (बिनचमकीचा) तपकिरी पापणीच्या घडीवर. त्याहून गडद फक्त बाहेरच्या कोपऱ्यात. ब्रश दर वेळी झटकायचा, थर पातळच द्यायचे. चमकदार शेड मात्र बोटाने दाबून लावावी: तिच्यातल्या अभ्रकाच्या चकत्या सपाट बसल्या तरच आरशासारख्या एकाच दिशेने प्रकाश परतवतात, ब्रशने त्या अस्ताव्यस्त पडतात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला पोहोचेपर्यंत ऑक्टोबरच्या उकाड्यात पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटते, आणि दर मिटण्यात घडीतलं तेल वर चोळलं जातं. टिपकागद हलकेच दाबा, त्यावर पुन्हा भुकटी थोपू नका. तेलात ती गोळा होते आणि घडीत रेघ पडते.

‘केमिकल-फ्री’ म्हणून गेरू, दालचिनी, कोको एकत्र करून घरी आयशॅडो बनवण्याचे व्हिडिओ फिरतात. ते डोळ्यांजवळ नेऊ नका. खाणीतल्या गेरूत शिसं आणि आर्सेनिक असू शकतं; म्हणूनच सौंदर्यप्रसाधनांत कारखान्यात बनवलेली शुद्ध ऑक्साइडं वापरतात. दालचिनीने त्वचेची आग होते. आणि नजर तेज होते म्हणून डोळ्यात घातला जाणारा पारंपरिक सुरमा कित्येकदा चक्क शिशाचा सल्फाइड असतो. नैसर्गिक आहे म्हणून शिसं सौम्य होत नाही.

काही महिन्यांनी एखाद्या खणात मधोमध गडद, चकचकीत डाग दिसू लागतो आणि ब्रशला रंगच लागत नाही. पापणीचं तेल ब्रशवरून खणात आलेलं असतं, वर दाब पडून भुकटीचा पापुद्रा झालेला असतो. खण वाया गेलेला नाही. साधी चिकटपट्टी त्यावर हलकेच दाबून उचला, दोन-तीनदा. पट्टीवर वड्याच्या कागदासारखा तेलकट, गडद थर चिकटून येतो आणि खणात खालचा कोरडा, फिकट बदामी पुन्हा दिसतो.