जुनी पिकअप घेताय? चौथ्या गिअरला कान द्या

सोलापुरात जुनी पिकअप बघायला गेलं की सगळ्यात आधी बॉनेट उघडतं. इंजिन धुवून चकाचक केलेलं असतं, मालक म्हणतो "एका सेल्फमध्ये स्टार्ट आहे की ओ, बघा", आणि आलेले चार जण धूर काळा का पांढरा यावर बोलत उभे राहतात, गाडीखाली मात्र कुणी वाकत नाही. कांद्याच्या पिशव्या मार्केट यार्डात टाकून यायच्या असतील तर एकवेळ चालेल. पण मागं कंप्रेसर, जनरेटर नाहीतर पाण्याच्या टँकरची ट्रॉली लावून रोज ओढायची असेल, तर खिशाला चाट बसते ती इंजिनापेक्षा क्लच आणि गिअरबॉक्समध्ये. बंद पडलेली गाडी एकदा टोचन करून गॅरेजला नेणं वेगळं आणि रोजचं ओढकाम वेगळं.

आधी क्लच घेऊ, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला जोडणारा-सोडणारा भाग, कारण सगळ्यात जास्त मार तोच खातो. आसरा पुलावर चढताना ट्रॅफिक तुंबलं आणि ड्रायव्हरनं ब्रेक न दाबता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवली, असं समजा. गाडी, माल आणि ट्रॉली धरून 4 टन वजन आणि चढ 6 टक्के धरला तर गाडीला मागं ओढणारा जोर होतो साधारण 2350 न्यूटन. 35 सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकावर तो 820 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क झाला, पहिला गिअर आणि मागचं क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना फिरवणारी गिअरची जोडी) मिळून 16 पट धरले तर क्लचवर येतात 50 न्यूटन-मीटर. हे काहीच नाही असं वाटेल. पण इंजिन 1200 आरपीएमला (मिनिटाला 1200 फेऱ्या) फिरतंय आणि गाडी जागेवर उभी, म्हणजे हा सगळा फरक क्लच प्लेट घासूनच भरून निघणार, आणि गणित केलं तर तिथं 6 किलोवॅटच्या वर उष्णता तयार होत राहते. घरातले 2 किलोवॅटचे तीन गीझर एकदम चालू करून क्लचच्या त्या बंद हौसिंगमध्ये, म्हणजे कवचात, ठेवल्यासारखं झालं. तिथं ना पाणी ना पंखा. मिनिटभर असं धरलं की प्लेटचा वास यायला लागतो, फ्लायव्हीलवर (प्लेट ज्याला घासते त्या इंजिनाच्या जड चाकावर) निळे डाग पडतात आणि प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा पृष्ठभाग कडक होऊन त्याला बारीक भेगा जातात.

दुसरी गोष्ट, गाडी उठवताना क्लचमध्ये जी उष्णता होते ती सपाट रस्त्यावर जवळपास तेवढीच असते जेवढी गतिज ऊर्जा क्लच पूर्ण बसेपर्यंत गाडीला मिळते, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते हे आपण शाळेत शिकलोय. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण बसतो तेव्हाचा वेग पहिल्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास असतो, म्हणजे उष्णता साधारण तिप्पट. "रिकामीच आहे, दुसऱ्यावर उठते की" म्हणणारा ड्रायव्हर ज्या गाडीवर होता ती गाडी, मीटर काहीही दाखवो, क्लचच्या हिशोबानं म्हातारीच धरायची. मीटरच्या आकड्यावर एवढा भाव ठरतो याचं मला तरी कायम नवल वाटतं, कारण हायवेवर रिकामी पळालेली 2 लाख किलोमीटरची गाडी आणि गावात ट्रॉली ओढत फिरलेली 80 हजार किलोमीटरची यात मी डोळे झाकून पहिली घेईन.

क्लच तपासायला मशीन लागत नाही. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, समोर कुणी नाही हे बघा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन तिथल्या तिथं गचका देऊन बंद पडलं तर ठीक, घुरघुरत चालूच राहिलं तर प्लेट गेली. मग रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 40 च्या स्पीडला एकदम रेस द्या, आरपीएम वर पळतं आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच असं दिसलं तरी तेच समजायचं.

आता गिअरबॉक्स. डिझेल इंजिनाची ताकद कमी आरपीएमला येते आणि ती सलग येत नाही, चार सिलिंडरच्या इंजिनात शाफ्टच्या एका फेरीला दोन धक्के बसतात. आरपीएम जितकं कमी तितके हे धक्के सुटे-सुटे होऊन गिअरच्या दातांवर आपटतात. ते मऊ करायला क्लच प्लेटमध्ये स्प्रिंगा असतात, काही नव्या गाड्यांत दोन भागांचं फ्लायव्हील असतं. पण डिझेल वाचवायचं म्हणून 1100-1200 आरपीएमला पाचव्यातच ट्रॉली ओढत राहिलं की स्प्रिंगाही दमतात आणि पाचव्या गिअरचे दातही. गिअरबॉक्सला किती झेपतं हे कंपन्यांना चांगलं माहीत असतं. भारतात 2022 मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सचं 2.8 लिटरचं इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये 420 न्यूटन-मीटर देतं आणि ऑटोमॅटिकमध्ये 500. इंजिन एकच, मागचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, बदलला की आकडा बदलला. त्यामुळे जुनी गाडी कुणी रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, "पॉवर वाढवली" असेल तर ती खूण मी तरी धोक्याचीच मानतो, इंजिनाचा आकडा वाढला तरी डब्यातले दात जुनेच आहेत ना.

पण खरी गंमत चौथ्या गिअरची. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या पाच गिअरच्या बहुतेक पिकअपमध्ये चौथा गिअर डायरेक्ट असतो, म्हणजे इंजिनाकडून आलेला शाफ्ट आणि मागं जाणारा शाफ्ट सरळ जोडले जातात. बाकी गिअरांत जोर आधी खालच्या दुसऱ्या शाफ्टवर, लेशाफ्टवर उतरतो आणि तिथून परत वर येतो. चौथ्यात लेशाफ्ट फिरतो पण नुसताच, लोड नसतो. म्हणून हैदराबाद रोडला गाडी घ्या, खिडक्या बंद, एसी आणि टेप बंद, आणि तिसऱ्यात रेस देत ऐका. घूंऽऽ असा आवाज येतोय आणि चौथा टाकल्यावर गपकन कमी होतोय, पाचव्यात परत येतोय, तर लेशाफ्टच्या बेअरिंगा किंवा दात खाल्ले गेलेत. चौथ्यातही तसाच येत राहिला आणि न्यूट्रल करून गाडी घरंगळू दिली तरी येतोय, तर गिअरबॉक्स सोडा आणि मागं बघा: मागं जाणाऱ्या लांब शाफ्टची सेंटर बेअरिंग, क्राऊन-पिनियन नाहीतर चाकाची बेअरिंग. सहा गिअरच्या गाडीत डायरेक्ट गिअर वेगळा असू शकतो, तो गाडीच्या मॅन्युअल पुस्तिकेत 1.00 असा लिहिलेला असतो, तेवढं आधी बघून जा.

उभ्या गाडीत अजून एक चाचणी. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा, पाय क्लचवरून काढलेला असताना खरखर येते आणि क्लच दाबला की जाते, तर इनपुट शाफ्ट किंवा लेशाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्या. उलट, दाबल्यावरच आवाज येतो तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं), ते स्वस्त असतं पण त्यासाठी अख्खा डबा उतरवावा लागतो, मजुरी तीच.

बघायला सकाळी जा, आणि गाडी आधी फिरवून ठेवू नका असं सांगून जा. बहुतेक गिअरांना पितळेची एक रिंग असते, सिंक्रो म्हणतात तिला. ती आधी गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दात गुंततात. तिच्यावर बारीक चर असतात, त्यांनी तेलाचा पापुद्रा कापायचा असतो. चर झिजले की रिंग तेलावरून घसरते आणि कर्रर्र आवाज येतो. थंड तेल घट्ट असतं, त्यामुळे झिजलेली रिंग सकाळी लगेच बोलते. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरवून बघा, ओढकाम केलेल्या गाडीत दुसरा गिअर बहुतेक आधी तक्रार करतो. मग दुसऱ्यातच उतारावर एकदम रेस सोडा. गिअर आपोआप न्यूट्रलला उडाला तर काम मोठं आहे.

गिअरबॉक्सचं तेल बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, मालक कुरकुरला तर कुरकुरू द्या. ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन ड्रेन प्लग थोडा सैल करायचा. त्यावर लोहचुंबक असेल तर काळपट राखाडी लोण्यासारखा लगदा चिकटलेला दिसतो, तो नॉर्मल आहे. आमचा मिस्त्री तो लगदा अंगठ्यावर घेतो, उन्हात धरतो आणि बोट हळूच तिरकं करतो. पिवळी चमक दिसली तर सिंक्रोचं पितळ उतरलंय. बोटाला टोचेल असा तुकडा लागला की तो काही बोलतच नाही, प्लग परत आवळतो आणि हात पुसायला कापड मागतो.

सोलापूरचं ऊनही हिशोबात धरा. मे महिन्यात पारा 42-43 ला असतो, आणि साध्या गिअरबॉक्सला रेडिएटर नसतो, डब्यावरून जाणारी हवा हीच काय ती त्याची थंडाई. तुळजापूरचा घाट दुसऱ्या-तिसऱ्यात चढताना लोड पूर्ण आणि हवा नावाला. दर 10 अंशांना तेल खराब व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो हा ठोकताळा आहे. ऑटोमॅटिक गाडीत तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून जोर देणारा भाग) लॉक होईपर्यंत तेलच घुसळलं जाऊन तापतं, तिथं तेल लालसर आणि बिनवासाचं हवं, तपकिरी आणि करपट वास आला तर मी भावसुद्धा विचारत नाही.

ओढकामाच्या खुणा लपवता येत नाहीत. चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीला (क्रॉस मेंबरला) हुकाची भोकं, चेसिसला नवीन वेल्डिंगवर ताजा काळा रंग, ट्रॉलीच्या लाईटसाठी कापून जोडलेल्या वायरी, कमानीत वाढवलेले पाटे. यातलं काही दिसलं म्हणून गाडी वाईटच असं नाही, पण मग भाव करताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्हीचा खर्च मजुरीसकट वजा करून बोला.

गाडी घेतलीच तर पहिल्या आठवड्यात गिअर ऑइल बदला, आणि दुकानदार देईल ते नको. क्राऊनसाठी लागणारं जीएल-5 आणि बऱ्याच गिअरबॉक्सला लागणारं जीएल-4 (हे तेलाचे ग्रेड) तेलाच्या कॅनवरून सारखंच वाटतं, पण जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि काही तेलांत ते गरम झाल्यावर पितळ खातं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड छापलाय तो मोबाईलवर फोटो काढून न्या, आणि भरताना बाजूच्या प्लगच्या कडेतून तेल ओघळायला लागेपर्यंत भरायला सांगा.