जलद चार्जिंग जाळं (भारत)

इलेक्ट्रिक मोटारींना रस्त्यात, म्हणजे घर किंवा ऑफिस सोडून इतरत्र, तासाभरात पुढे जाण्याइतकी वीज देणाऱ्या सार्वजनिक चार्जरांचं जाळं. सरकारी कागदांत 'विद्युत वाहन चार्जिंग केंद्र' असं लिहितात, काही ठिकाणी 'प्रभारण केंद्र' असाही शब्द दिसतो, पण बोलताना सगळे चार्जिंग स्टेशनच म्हणतात आणि केबलच्या टोकाला 'गन'. या नोंदीत मुख्यतः चारचाकींच्या डीसी चार्जिंगचा आणि त्यासाठी पैसा कुठून आला याचा विचार केलाय. दुचाकी, बस आणि बॅटरी बदलण्याची केंद्रं हे वेगळे विषय आहेत.

जलद म्हणजे किती

साधा फरक असा की बॅटरीला डीसी (एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह) लागतो आणि तारेतून एसी (दिशा बदलत राहणारा) येतो, तर एसीचा डीसी गाडीच्या आत केला की हळू चार्जिंग (गाडीतला चार्जर बहुतेक ३.३ किंवा ७.२ किलोवॅटचा) आणि बाहेरच्या मोठ्या पेटीत केला की जलद. पण 'जलद'ची सीमा नेमकी कुठे यावर एकमत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं १४ डिसेंबर २०१८ ला पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सीसीएस आणि चाडेमो (हे दोन डीसी गनचे प्रकार) किमान ५० किलोवॅट, शिवाय टाइप-२ एसी किमान २२ किलोवॅट, असे तिन्ही प्रकार जलद रकान्यात टाकले होते. यातला तिसरा जरा गमतीचाच, कारण भारतात तेव्हा विकल्या जाणाऱ्या गाड्या २२ किलोवॅट एसी घेऊच शकत नव्हत्या, म्हणजे यंत्र जलद आणि गाडी हळू. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमावलीत ५० किलोवॅटपासून पुढचा डीसी जलद धरतात आणि १५० च्या वर अतिजलद. प्रस्तुत नोंदीत ५० हीच सीमा धरलीय, ती जास्त सोयीची वाटते, जरी भारतातले बरेच 'फास्ट' बोर्ड २५-३० किलोवॅटच्या यंत्रांवरही लागलेले असतात.

गनच्या प्रकारांचा इतिहास इथे थोडा सविस्तर दिला पाहिजे, कारण बरेच पैसे त्यातच अडकले. चाडेमो जपानी, त्याची संघटना २०१० ची, आणि नावात 'गाडी चार्ज होईपर्यंत चहा घेऊ या का' अशा अर्थाच्या जपानी वाक्यावर केलेली कोटी आहे (आपल्याकडे हायवेवर चहा तसाही होतोच). सीसीएस युरोप-अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांचं. भारतानं २०१७ च्या सुमारास तिसरी वाट धरली: अवजड उद्योग खात्याच्या समितीनं 'भारत एसी-००१' आणि 'भारत डीसी-००१' ठरवले. यातला डीसी चार्जर १५ किलोवॅटचा, कमी व्होल्टेजचा, गन चिनी जीबी/टी पद्धतीची. तेव्हाच्या गाड्या, म्हणजे ई-व्हेरिटो आणि सरकारी ईईएसएल कंपनीच्या १०,००० गाड्यांच्या टेंडरमधली टिगोर, साधारण ७२ व्होल्टच्या बॅटरीवर चालत असल्यानं तो निर्णय त्या क्षणी चुकीचा नव्हता. पण २०१९ मध्ये कोना आणि जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही व झेडएस ईव्ही आल्या, तिघींच्या बॅटऱ्या ३०० व्होल्टच्या वर आणि तिघींना सीसीएस-२ (सीसीएसचा युरोपीय प्रकार) गन, आणि आधी बसवलेली ती यंत्रं त्यांच्या काही उपयोगाची राहिली नाहीत. १ ऑक्टोबर २०१९ च्या सुधारित तत्त्वांत मंत्रालयानं कुठला चार्जर ठेवायचा हे स्टेशन चालवणाऱ्यावर सोडलं, त्यानंतर सीसीएस-२ आपोआपच रूढ झालं. यावर दोन मतं आहेत: एक म्हणजे सरकारनं घाई करून स्वदेशी मानक काढलं, दुसरं म्हणजे स्वस्त गाड्यांसाठी ते बरोबर होतं आणि बाजारच वेगळ्या दिशेनं गेला. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, मात्र त्यानं वाया गेलेली यंत्रं परत येत नाहीत.

पहिलं कोणतं

भारतातलं 'पहिलं' स्टेशन कुठलं याचे दावे बरेच आहेत आणि प्रत्येक दाव्यात एक विशेषण लपलेलं असतं. टाटा पॉवरनं ऑगस्ट २०१७ मध्ये विक्रोळीला मुंबईतलं आपलं पहिलं स्टेशन सुरू केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलनं ओलाबरोबर नागपूरला एका पेट्रोलपंपावर चार्जिंग सुरू केलं, तेही 'देशातलं पहिलं' म्हणून छापून आलं, खरं तर ते पेट्रोलपंपावरचं पहिलं. आणि बंगळुरूत रेवा गाड्या त्याच्या कितीतरी आधीपासून साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होत होत्या, ते 'स्टेशन' मानायचं का हा आणखी वेगळा वाद. ५० किलोवॅटची कसोटी लावली तर यातले बहुतेक दावे गळतात. आजच्या अर्थानं 'जाळं' म्हणता येईल असं काही २०२० नंतरच दिसतं, असं म्हणणं सुरक्षित.

वीज विकणं की सेवा देणं

वीज कायदा २००३ प्रमाणे वीज वाटायची किंवा विकायची तर परवाना लागतो, म्हणजे गाडीत वीज भरून पैसे घेणारा प्रत्येक जण विनापरवाना वीजविक्रेता ठरण्याची भीती होती आणि त्यामुळे खाजगी पैसा येत नव्हता. १३ एप्रिल २०१८ ला ऊर्जा मंत्रालयानं खुलासा केला की चार्जिंगमध्ये विजेचं बॅटरीत रासायनिक ऊर्जेत रूपांतर होतं, म्हणून ही विजेची विक्री नाही, सेवा आहे, परवाना नको. कायदा न बदलता नुसत्या पत्रानं हे साधलं. पण शब्द फिरला की कर फिरतो: विजेवर जीएसटी नाही, सेवेवर आहे. २०२३ मध्ये कर्नाटकच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणानं (कर कसा लागेल हे अर्जदाराला आधीच सांगणारी संस्था) चामुंडेश्वरी वीज कंपनीच्या अर्जावर, चार्जिंग ही सेवाच असल्यामुळे विजेची किंमत धरून पूर्ण रकमेवर १८ टक्के जीएसटी लागेल असं सांगितलं. म्हणजे गाडीवर ५ टक्के, चार्जरच्या यंत्रावर ५ टक्के (दोन्ही ऑगस्ट २०१९ पासून) आणि त्यातून मिळणाऱ्या विजेवर १८, घरी प्लग लावला तर शून्य. असा निवाडा अर्जदारापुरताच बंधनकारक असतो खरा, पण व्यवहारात बिलं त्याच दरानं निघतात.

पैसा

इलेक्ट्रिक गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची फेम-१ योजना एप्रिल २०१५ ची, तिच्यात चार्जिंगला फारसं स्थान नव्हतं. फेम-२ एप्रिल २०१९ पासून, १०,००० कोटींची, त्यातले १,००० कोटी चार्जिंगसाठी राखलेले. जानेवारी २०२० मध्ये ६२ शहरांत २,६३६ स्टेशनं मंजूर झाली, महाराष्ट्राला ३१७, जी सगळ्यात जास्त होती. पुढे १६ महामार्ग आणि ९ द्रुतगती मार्गांसाठी आणखी १,५७६ मंजूर झाली. मंजुरी आणि प्रत्यक्ष चालू यंत्र यांत मात्र बरंच अंतर पडलं, टाळेबंदी हे एक कारण, पण एकमेव नाही. मार्च २०२३ मध्ये धोरण बदललं आणि इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन तेल कंपन्यांना ७,४३२ जलद स्टेशनांसाठी ८०० कोटी दिले गेले, म्हणजे सरासरी एका स्टेशनाला पावणेअकरा लाखांच्या आसपास. जागा आधीच होती, रस्त्यालगतची, माणूस आणि संडासाची सोय असलेली, त्यामुळे कल्पना वाईट नव्हती. अडलं ते वीजजोडावर.

हे वीजजोडाचं प्रकरण समजून घेतल्याशिवाय बाकीचं समजत नाही. ६० किलोवॅटचं एक यंत्र म्हणजे अनेक घरांचा भार एका ठिकाणी, दोन-तीन यंत्रं बसवली की जवळच्या डीपीतून भागत नाही, स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, उच्चदाब तार, मीटर, रस्ता खोदायची परवानगी, सगळं लागतं. पहिल्या फेरीत अनुदानाचा भर यंत्राच्या किमतीवर होता आणि हा मागचा खर्च स्टेशन चालवणाऱ्याच्या गळ्यात. त्यामुळे सरकारी उत्तरांत 'बसवलेली' आणि 'वीज मिळालेली' स्टेशनं असे दोन वेगळे आकडे यायला लागले. गाडीवाल्याला यातला फक्त दुसराच कामाचा, पण घोषणांत बहुधा पहिला असतो.

दुसरी अडचण वापराची. ६० किलोवॅटचं यंत्र दिवसभर पूर्ण चाललं तर १,४४० युनिट देईल, पण पाच टक्केच वापर असला तर ७२ युनिट, म्हणजे दिवसाला तीन गाड्या, आणि वीज कंपनीचा डिमांड चार्ज मात्र मंजूर भारावर, गाडी येवो न येवो. म्हणून बऱ्याच राज्यांच्या नियामकांनी चार्जिंगसाठी वेगळा वर्ग केला (महाराष्ट्रात २०१८ मध्ये), आणि जानेवारी २०२२ च्या केंद्रीय तत्त्वांत एकेरी दर (फक्त वापरलेल्या युनिटांवर, वेगळा डिमांड चार्ज नाही), सरासरी पुरवठा खर्चाच्या वर नाही, अशी तरतूद आली. त्याच तत्त्वांत सरकारी जागा युनिटमागे १ रुपया वाटा घेऊन द्यायची सोयही आहे. शहरात ३ × ३ किलोमीटरच्या चौकटीत एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक, हे प्रमाण मात्र तेव्हाही २०१८ चंच राहिलं, ते बदललं २०२४ च्या तत्त्वांत.

पीएम ई-ड्राइव्ह ही नंतरची योजना, १ ऑक्टोबर २०२४ पासून, एकूण १०,९०० कोटी, त्यात चार्जिंगला २,००० कोटी. लक्ष्य चारचाकींसाठी २२,१०० जलद चार्जर, बससाठी १,८००, दुचाकी-तिचाकींसाठी ४८,४००. २०२५ च्या तिच्या नियमांत मागचा वीजजोडाचा खर्च अनुदानात मुद्दाम धरलाय: रस्त्याकडेला, मॉल किंवा महामार्गावर या खर्चाच्या ८० टक्के, पेट्रोलपंप किंवा रेल्वे स्टेशनवर यंत्राच्याही ७० टक्के, सरकारी आवारात सर्वांना खुलं असेल तर दोन्ही १०० टक्के. अंमलबजावणी आणि एकच ॲप बनवायचं काम भेल या सरकारी कंपनीकडे. आधीच्या अनुभवातून शिकलेला बदल हाच म्हणता येईल.

महाराष्ट्र

राज्याचं धोरण जुलै २०२१ चं. २०२५ पर्यंत २,५०० स्टेशनं, त्यात बृहन्मुंबई परिसरात १,५००, पुण्यात ५००, नागपूरला १५०, नाशिकला १००, सोलापूरला २०. जलद चार्जरला निम्मी किंमत, कमाल ५ लाख, तीही पहिल्या ५०० चार्जरांनाच. मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, मुंबई-नागपूर, पुणे-नाशिक हे चार रस्ते पूर्ण तयार करायचे होते. मुंबई-पुणे मार्गावर यंत्रं भरपूर झाली, तरी रविवारी संध्याकाळी फूड मॉलला रांग लागतेच. समृद्धीवर उलट, ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला पण सोयी मागाहून येतायत. एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळानं २०३० पर्यंतचं नवं धोरण मंजूर केलं, १,९९३ कोटींचं, त्यातही महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग आहेच, शिवाय टोलमाफी, जी अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. टोलमाफीनं गाड्या वाढतील हे खरं, पण हा पैसा खरेदीदाराला मिळतो, चार्जिंगवाल्याला नाही.

मोजणी

फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या आकड्यांत देशात १२,१४६ सार्वजनिक स्टेशनं होती, महाराष्ट्र ३,०७९ घेऊन पहिला, कर्नाटक १,०४१ वर. त्याच वर्षाअखेरीस एकूण २५,२०२, कर्नाटक ५,७६५, महाराष्ट्र ३,७२८. दहा-अकरा महिन्यांत एका राज्यात पाचपटीहून जास्त वाढ ही सगळी नव्यानं उभी राहिली असं मानणं कठीण आहे, मोजण्याची पद्धत बदलली असणं जास्त संभवतं. शिवाय यात हळू एसी चार्जरही येतात, आणि 'स्टेशन' म्हणजे एक गन की दहा हे आकड्यावरून कळत नाही.

इतर देश

नॉर्वेत २०१५ पासून एनोव्हा या सरकारी संस्थेनं मुख्य रस्त्यांवर दर ५० किलोमीटरला किमान दोन जलद चार्जर होतील असं अनुदान दिलं, दक्षिणेत ते लवकर उभं राहिलं, उत्तरेत फिनमार्कसारख्या विरळ वस्तीच्या भागात कंपन्याच पुढे येईनात. अमेरिकेच्या २०२१ च्या कायद्यात ५ अब्ज डॉलर ठेवले, दर ५० मैलांना चार गन, प्रत्येकी १५० किलोवॅट, पण या पैशांतलं पहिलं स्टेशन ओहायोत उघडायला डिसेंबर २०२३ उजाडला.