सराफ्यातलं सोनं, लोहाराचा विळा आणि मेटलर्जीतलं करिअर

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे कॉम्प्युटरची सीट कुठे मिळेल एवढीच चर्चा. मेटलर्जी, म्हणजे धातूंचं शास्त्र, म्हटलं की "ते काय असतं भो?" आणि विचारणारा जळगावच्या सराफ्यातून नुकतंच सोनं घेऊन आलेला असतो!

त्या सोन्याचंच बघा. शुद्ध सोनं फार मऊ, म्हणून त्यात तांबं-चांदी मिसळतात. तांब्याचा अणू सोन्यापेक्षा लहान, मग अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत आणि दागिना कडक होतो. 916 म्हणजे हजार भागांत 916 सोनं. हे तपासायला एक्सरे मशीन असतं पण ते वरचाच थर बघतं, पक्कं उत्तर हवं असेल तर नमुना थोडी चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत टाकतात, शिसं तांबं सोबत घेऊन सच्छिद्र मुशीत मुरतं, मग चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात आणि उरलेलं सोनं वजन करतात. शेकडो वर्षं जुनी पद्धत, अजूनही हिच्यावरच जास्त भरवसा.

पण माझ्या मते खरी मजा पोलादात आहे. लोहार विळा लालभडक करून पाण्यात बुडवतो. साधारण 727 अंशांच्या वर पोलादाची आतली रचना बदलते, कार्बन तिच्यात विरघळतो, आणि झटकन थंड केलं की त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो तिथेच अडकतो. विळा कडक होतो पण ठिसूळही, म्हणून परत थोडा तापवायचा. तोच विळा हळूहळू थंड केला असता तर मऊ राहिला असता. लॅबचा केमिकल रिपोर्ट दोन्हींचा सेम! फरक दिसतो तो तुकडा आरशासारखा पॉलिश करून, सौम्य ॲसिड लावून मायक्रोस्कोपखाली धरल्यावर.

मेटलर्जिस्टचं काम हेच, आणि काही तुटलं की का तुटलं ते सांगणं. ॲक्सल तुटला तर तुटलेल्या तोंडावर बऱ्याचदा शिंपल्यासारख्या रेषा दिसतात, म्हणजे भेग हळूहळू वाढत होती, अचानक काही झालं नाही. दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रात बॉयलरच्या नळ्या तापून तापून वर्षानुवर्षं किंचित ताणल्या जातात, तिथेही हाच माणूस लागतो.

शिकायला पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, मुंबईचं आयआयटी. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मित्राइतका असेलच असं नाही, आणि फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, मे महिन्यात उभं राहणं म्हणजे जळगावच्या उन्हात अजून एक ऊन. इंटर्नशिप मात्र भट्टीजवळचीच मागा, ऑफिसातली नको.