ब्रेकलाइटला एलईडी बल्ब : काम सांगण्याआधी हे वाचा

(कात्रज परिसरातील आमच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या ग्राहकांसाठी)

"मागचे दिवे एलईडी करून द्या" म्हणत बरीच मंडळी आमच्याकडे येतात. काहींना करून देतो, काहींना साधा नवा बल्ब बसवून परत पाठवतो. मग शंभराच्या आतले बिल बघून गिऱ्हाईकच बुचकळ्यात पडते. हे असे का, ते दुकानात दर वेळी उभ्याउभ्या सांगणे जमत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे.

हेडलाइट आपल्यासाठी असतो, ब्रेकलाइट मागच्यासाठी. त्यामुळे हेडलाइट गेला की माणूस त्याच रात्री दुकान शोधतो आणि ब्रेकलाइट गेला की महिनोन्‌महिने तसाच फिरतो. आमच्याकडे हॉर्नच्या कामाला आलेल्या गाडीचाही आम्ही ब्रेक दाबून बघतो, आणि एका बाजूचा दिवा बंद निघणे ही अजिबात नवलाची गोष्ट नाही. अशा गाडीला एलईडीचा विचार नंतर, आधी जे आहे ते पेटले पाहिजे.

एलईडीचा खरा फायदा

साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार असते. ती तापून पूर्ण तेजाने उजळायला साधारण ०.२ सेकंद लागतात. एलईडीला तापावे लागत नाही. करंट पोहोचला की उजेड. दोन दशांश सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण ताशी ६० किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी ३.३ मीटर पुढे जाते. द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या वेगाने साडेपाच मीटर, म्हणजे अख्ख्या हॅचबॅकच्या लांबीपेक्षा जास्त. मागच्या ड्रायव्हरला तेवढे अंतर फुकटात मिळते.

आपल्या भागात हे अंतर किती मोलाचे आहे ते वेगळे सांगायला नको. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड गाडीने डझनावारी गाड्यांना उडवले. न्यूट्रलवर सोडलेल्या किंवा ब्रेक तापलेल्या ट्रकला कोणताही बल्ब थांबवू शकत नाही, हे उघड आहे. पण मागून धडक हा प्रकार फक्त अवजड गाड्यांचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. टक्कर कशी झाली यावरून केलेल्या वर्गवारीत सर्वांत मोठा वाटा मागून बसलेल्या धडकेचा, पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त होता.

एक मात्र लक्षात ठेवा. दिवा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत मागच्याचा सेकंदभर तरी जातोच, आणि ताशी ६० ला एका सेकंदात सोळा-सतरा मीटर रस्ता मागे पडतो. मागचा तुमच्या डिकीला चिकटून चालला असेल तर एलईडीने वाचवलेले तीन मीटर त्याला पुरणारे नाहीत.

जास्त उजेड म्हणजे चांगला दिवा नव्हे

गोंधळ होतो तो इथे. बहुतेक गाड्यांत मागे डबल फिलामेंटचा बल्ब असतो. त्याला बाजारात "एकवीस-पाच" म्हणतात. त्याची ५ वॉटची तार रात्री पार्किंग लाइट म्हणून सतत जळते आणि २१ वॉटची ब्रेक दाबल्यावर पेटते. प्रमाणित बल्बमध्ये छोट्या तारेचा उजेड ३५ ल्युमेन आणि मोठीचा ४४० ल्युमेन असतो, म्हणजे बारापटीहून जास्त फरक. रात्री मागच्याला "याने ब्रेक मारला" हे कळते ते या फरकामुळे. नुसत्या उजेडाने कळत नाही, कारण लाल दिवा तर आधीपासून चालूच असतो.

स्वस्त एलईडीत नेमका हाच फरक मारला जातो. टेबलावर बॅटरी लावून असे बल्ब आम्ही तपासतो. पार्किंगची वायर जोडली की बल्ब असा काही भगभगतो की गिऱ्हाईक खूश. मग ब्रेकची वायर जोडायची, आणि विचारायचे, "आता काय बदलले सांगा." डोळे बारीक करून बघावे लागते. दुकानात, चार फुटांवरून ही तऱ्हा, तर पावसात खंडाळ्याच्या घाटात मागून येणाऱ्याला काय कळणार? त्याला तुमची गाडी सतत ब्रेक मारत चाललेली दिसेल किंवा कधीच मारत नाही असे वाटेल. दोन्ही वाईटच.

दुसरी अडचण दिव्याच्या आतल्या चकाकत्या वाटीची, म्हणजे रिफ्लेक्टरची. ती वाटी तारेच्या नेमक्या जागेचा हिशोब करून घडवलेली असते. तार चहूबाजूंनी उजेड फेकते आणि वाटी तो मागे पसरवते. एलईडीच्या बारीक चिप्स मात्र समोर तोंड करून बसलेल्या असतात. चिप्सची जागा चुकली की दिव्याच्या मधोमध एक प्रखर ठिपका दिसतो आणि कडा अंधारात राहतात. सरळ मागून बघितले तर दिवा झकास वाटतो. तिरक्या कोनातून, म्हणजे शेजारच्या लेनमधल्या दुचाकीवाल्याला, तो अर्धाच दिसतो. पुण्यात गाडीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दुचाक्याच असतात, त्यामुळे आम्ही दिवा दोन्ही बाजूंनी तिरके उभे राहून बघितल्याशिवाय पास करत नाही.

रंगाचे थोडक्यात : लाल काचेमागे लाल एलईडीच लावावा. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भाग बराच असतो. तो लाल काच अडवते, म्हणजे उजेड वाया जातो आणि रंगही फिकट, गुलाबीकडे झुकलेला दिसतो.

आणि उष्णता. एलईडी तापत नाही, हा गैरसमज आहे. तो तारेपेक्षा पुष्कळ कमी तापतो, पण तापल्यावर त्याचा उजेड उतरतो, आणि लाल चिप्सचा तर जास्तच. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून थांबलात की दिवा मिनिटभर, दोन मिनिटे सलग जळत राहतो. ॲल्युमिनियमची नीट बॉडी नसलेला बल्ब तेवढ्यात मंदावतो. म्हणूनच आम्ही बल्ब ब्रेकच्या वायरवर दहा मिनिटे चालू ठेवून मगच तो घ्यायचा की नाही ते ठरवतो. दुकानात लावून लगेच "छान दिसतोय" म्हणण्याला अर्थ नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरला एलईडी ओळखता येत नाही

जुन्या गाड्यांत ब्रेकचा स्विच, वायर आणि बल्ब एवढाच मामला असायचा. आता मधे कंट्रोल युनिट असते आणि ते दिव्याकडे किती करंट जातो ते मोजते. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो, एलईडी त्याच्या पाव भागाहूनही कमी. युनिटला वाटते बल्ब उडाला, आणि मीटरवर खूण पेटते. काही गाड्या दिवा बंद असतानाही तपासणीसाठी बारीक झटके पाठवत राहतात. तारेला त्यांचा पत्ताही लागत नाही, एलईडी मात्र बंद असायला हवा तेव्हा लुकलुकतो. इंडिकेटरला एलईडी लावल्यावर तो धडाधड मारायला लागतो, त्याचे कारणही हेच. ती फास्ट टिकटिक म्हणजे बिघाड नव्हे; बल्ब गेला हे तुम्हाला कळावे म्हणून मुद्दाम ठेवलेली सोय आहे.

यावर सरसकट सुचवला जाणारा इलाज म्हणजे लोड रेझिस्टर, म्हणजे युनिटला बल्बइतका करंट दिसावा म्हणून एलईडीच्या जोडीला लावलेला रोध. सहा ओहमचा रेझिस्टर ब्रेक दाबल्यावर तीस वॉटच्या आसपास उष्णता सोडतो. म्हणजे वीज वाचवायला एलईडी लावायचा आणि ती शेजारी जाळायची! वर तो रेझिस्टर प्लास्टिकवर किंवा वायरच्या गुच्छावर टेपने गुंडाळलेला असेल तर वायरचे कव्हर वितळते. अशा गाड्या आम्ही उघडल्या आहेत. रेझिस्टर लावायचाच झाला तर तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावा लागतो, वायरपासून दूर. त्यातही एक तोटा आहेच : नंतर कधी एलईडी खरोखर उडाला तर युनिटला कळणार नाही, कारण करंट रेझिस्टरमधून जातच राहील. ब्रेकलाइटसाठी आम्हाला हा सौदा पटत नाही. खूण पेटत असेल तर त्या गाडीला एलईडी नको, असेच आम्ही सांगतो.

आधी अर्थिंग बघा

"दिवे मंद आहेत, एलईडी टाका" या तक्रारीत बऱ्याचदा दोष बल्बचा नसतोच. होल्डर बाहेर काढला की पितळी पट्टीवर हिरवट थर दिसतो. दिव्याचे पॅकिंग सुटलेले असते आणि एक पावसाळा पाणी आत मुरलेले असते. अर्थिंग (करंट गाडीच्या बॉडीतून परत नेणारा जोड) खराब झाले की करंट परतीची वाट दुसऱ्या तारेतून शोधतो. मग ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर लावला की पार्किंग लाइट त्याच्या तालावर फडफडतो. हा नाच तुमच्या गाडीत दिसत असेल तर कोणताही नवा बल्ब आणू नका. पट्टी घासून, वायर नव्याने बसवून, पॅकिंग बदलले की जुना बल्बच नव्यासारखा दिसतो. बल्बची काच आतून काळवंडली असेल तर तो बदलावा; तारेतले टंगस्टन उडून काचेवर बसलेले असते आणि उजेड तिथेच अडतो. बाहेरची लाल काच उन्हाने पांढरट पडली असेल तर पॉलिशनेही चांगला फरक पडतो.

दोन्ही बाजूंचे आणि मधला, असे तिन्ही ब्रेकलाइट एकदम बंद असतील तर बल्बच्या आधी पेडलजवळचा स्विच आणि फ्यूज बघायचा. ऑटोमॅटिक गाडी पार्किंगमधून गिअर सोडत नसेल तरी संशय त्या स्विचवरच घ्या.

कायद्याचे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. दिव्याला मान्यता मिळते ती त्यात कोणत्या प्रकारचा बल्ब बसवायचा हे धरूनच. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. साध्या बल्बसाठी मंजूर झालेल्या दिव्यात बाजारातला एलईडी घातला की ती मान्यता त्याला आपोआप लागू होत नाही. विकणारे हे सांगत नाहीत. टॅक्सी पासिंगची गाडी असेल तर फिटनेसला जाण्याआधी मूळ बल्ब लावून जा. वॉरंटीतल्या गाडीची वायर आम्ही कापत नाही. कापली तर पुढे इलेक्ट्रिकलचा कोणताही दावा नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते.

हे सगळे टाळून एलईडी हवाच असेल तर एक सरळ मार्ग आहे. पुष्कळ मॉडेल्समध्ये वरच्या व्हेरिएंटला कंपनीचाच एलईडी टेललॅम्प येतो. तो अख्खा दिवा बसवता आला, तर वाटी, काच आणि चिप्स सगळे एकमेकांसाठी बनवलेले असते. कपलर (वायरचा जोड) जुळतो का आणि युनिट तो दिवा स्वीकारते का, हे गाडी बघून सांगतो. महाग पडतो, आणि आत चिप्सची एक रांग गेली तरी बहुधा पूर्ण दिवाच बदलावा लागतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

लुकलुकणारे ब्रेकलाइट, काळी फिल्म लावलेली काच, पळत्या रंगाच्या पट्ट्या ही कामे आम्ही घेत नाही. जोरात ब्रेक मारल्यावर काही गाड्यांचे दिवे कंपनीकडूनच चमकतात. ती सोय वेग आणि ब्रेकचा जोर ओळखून चालते. दर ब्रेकला सहा वेळा उघडझाप करणाऱ्या तीनशे रुपयांच्या मॉड्यूलशी तिचा संबंध नाही, आणि सिग्नलला मागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना तो छळ आहे.

घरी कसे तपासाल

रात्री गाडी एखाद्या दुकानाच्या बंद शटरकडे पाठ करून लावा. पार्किंग लाइट चालू करा आणि आरशात बघत ब्रेक दाबा. शटरवरचा लाल उजेड एकदम उसळला पाहिजे. "वाढला बहुतेक" असे वाटले तर तो नापास. मग दुसऱ्या कुणाला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून स्वतः तीस पावले मागे जा, आणि डावीकडून-उजवीकडून तिरके बघा. हीच तपासणी दुपारी चारच्या सुमारास, मागच्या दिव्यांवर ऊन पडत असताना करा. दिवसा न दिसणारा ब्रेकलाइट रात्री कितीही शोभला तरी उपयोगाचा नाही.

आमच्याकडे येताना एलईडी आधीच विकत आणला असेल तर पाकिटासकट आणा. नाना पेठेतून घेतला असेल तर बिलही जवळ असू द्या, कारण टेबलावर नापास झाला तर तो परत करायचे काम तुमचे. तपासणीचे पैसे घेत नाही. काढलेले मूळ बल्ब पिशवीत घालून तुमच्या डिकीत ठेवतो, ते टाकून देऊ नका. बुधवारी दुकान बंद असते.