हर्पीसमधला सर्प, शॅबीमधली खपली

जखमेवर खपली धरली की नख आपोआप तिकडे वळतं. इंग्रजीत खपलीला 'स्कॅब' म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशीही नखच आहे. त्याच कुळातल्या लॅटिन 'स्काबेरे'चा अर्थ खाजवणे. त्यावरून खरजेला 'स्केबीज' हे नाव पडलं. खरजेचा किडा जेमतेम ०.४ मिलिमीटरचा. बोनोमो आणि चेस्तोनी या इटालियनांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून त्याचं वर्णन केलं ते १६८७ साली. नाव त्याच्या कितीतरी आधीचं, म्हणून त्यात किडा नाही, फक्त खाज आहे.

'स्कॅब' मात्र लॅटिनमधून आला नाही. तो व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतला. इंग्रजांकडे त्याच शब्दाचं स्वतःचं रूप होतं, पण त्यांच्या तोंडी 'स्क'चा 'श' झाला; नॉर्समध्ये 'स्क' टिकला. स्कर्ट आणि शर्ट ही जोडी अशीच तयार झाली. 'स्कॅब'चं जुळं भावंड 'शॅब' बोलींपुरतं उरलं, आणि सतराव्या शतकात त्यावरून 'शॅबी' निघाला. कळकट कपड्यांना आपण शॅबी म्हणतो तेव्हा मुळात त्यांना खपल्या धरल्यात असं म्हणत असतो.

काही नावांचे नातलग थेट आपल्या घरात सापडतात. नायट्यासारख्या त्वचारोगांना जुन्या इंग्रजीत 'टेटर' म्हणत; त्याचं संस्कृत भावंड 'दद्रु', म्हणजे हिंदीतली दाद. 'एक्झिमा' ग्रीक: उकळून बाहेर येणे. त्यातल्या उकळण्याच्या धातूचा संस्कृत जोडीदार 'यस्', ज्यावरून आपले आयास आणि प्रयास आले. इंग्रजी 'यीस्ट'सुद्धा त्याच घराण्यातलं, कारण तेही फसफसतं.

नावं अशी नुसत्या दिसण्यावरून पडली की घोटाळे होतात. सगळ्यात महागात पडला तो 'लेप्रा'. ग्रीक 'लेपिस' म्हणजे खवला. फुलपाखरांच्या गणाचं नाव लेपिडॉप्टेरा, खवल्यांच्या पंखांचे, ते यावरूनच. ग्रीक वैद्य खवले सुटणाऱ्या त्वचेला लेप्रा म्हणत, आणि त्यात आजचा सोरायसिसही येत असावा. हिब्रू धर्मग्रंथाचं ग्रीक भाषांतर करताना अशुद्ध मानलेल्या त्वचेसाठी हाच शब्द वापरला गेला. पुढे तो कुष्ठरोगाला चिकटला आणि त्याच्यासोबत बहिष्कारही. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८४१ मध्ये सोरायसिसला लेप्राच्या नावातून सोडवलं. कुष्ठरोगाचा जीवाणू नॉर्वेच्या हान्सेन यांना दिसला तो १८७३ साली. आयुर्वेदातही 'कुष्ठ' ही अशीच मोठी पिशवी आहे: चरकसंहितेतल्या अठरा प्रकारांत दद्रुही मोडतो.

आता 'हर्पीस'. ग्रीक 'हेर्पेइन' म्हणजे सरपटणे. शब्दाच्या सुरुवातीचा मूळ 'स' ग्रीकमध्ये 'ह' होतो, जसं सप्तचं हेप्टा. तो 'स' परत ठेवून पाहा: सर्प. पसरत जाणाऱ्या त्वचारोगाला आयुर्वेदाने दिलेलं 'विसर्प' हे नाव त्याच धातूचं. हर्पीस झोस्टरला मराठीने तर सरळ 'नागीण' म्हटलं. ते काही ग्रीकांकडून घेतलेलं नाही. ग्रीकांना सरपटणं आठवलं, मराठीला साप. 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा, आणि इंग्रजी 'शिंगल्स'ही कमरपट्ट्याच्याच लॅटिन शब्दावरून आला.

पण हा पट्टा अर्धाच असतो. नागीण होते ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे. तो कांजिण्या बऱ्या झाल्यावरही मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून राहतो आणि वर्षांनंतर सहसा एकाच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. असा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूची पट्टी सांभाळतो. म्हणून फोड छातीच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेशी थांबतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती त्यामुळे निराधार आहे. घाई करायची ती वेगळ्या कारणासाठी: विषाणूरोधक गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात, आणि फोड कपाळावर किंवा डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं.