गाडी तापते, पण कधी तापते?

कसारा घाट चढताना तापणारी गाडी आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत तापणारी गाडी, या दोघींचं दुखणं सहसा एक नसतं. पण मेस्त्रीकडे गेल्यावर आपण सांगतो एवढंच, की गाडी गरम होते. मग अंदाजाने थर्मोस्टॅट (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची वाट उघडणारी झडप) बदलला जातो, तरी फरक नाही म्हणून तो द्रव फिरवणारा वॉटर पंप, शेवटी द्रव गार करणारी पुढची जाळी, म्हणजे रेडिएटर. गाडी नेमकी कधी तापते हे मालकाने नीट सांगितलं तर यातला बराच खर्च वाचतो.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायला लागतो. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर जाते आणि उरलेली इंजिनच्या धातूत शिरते. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचं तापमान काही क्षण २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि ज्या ॲल्युमिनियमचा पिस्टन असतो ते ६६० अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारा तो द्रव, सतत ती उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथे वारा ती घेऊन जातो. म्हणून गाडी तापली, की इंजिनात जास्त उष्णता तयार होतेय असं समजू नका. बहुतेक वेळा उष्णतेची बाहेर पडायची वाट कुठेतरी अडलेली असते.

कोंडीत गाडी उभी असते, समोरून वारा नसतो. सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर. हायवेवर तापमानाचा काटा जागेवर आणि सिग्नलला वर चढत असेल तर आधी पंखा बघा. घरी तपासणं सोपं आहे: गाडी मोकळ्या जागी उभी करा, इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांमध्ये थोड्याच वेळात पंखा फिरायला लागतो. नाही फिरला तर पंख्याचा फ्यूज काढून बघा, रिलेच्या (पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) जागी त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघा. इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे ओढणी, बाही, बोटं लांबच ठेवा.

घाटाचं गणित वेगळं. गाडी दुसऱ्या गिअरवर, वेग कमी, इंधन मात्र भरपूर जळतंय, त्यात मे महिन्याचं ऊन. अर्धवट तुंबलेला रेडिएटर सपाट रस्त्यावर वेळ मारून नेतो, पण कसाऱ्यात किंवा सप्तशृंगीच्या चढावर उघडा पडतो. तो तुंबतो कशाने? बऱ्याचदा आपणच ओतलेल्या पाण्याने. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्याचं कार्बोनेट होतं आणि ते धातूवर बसतं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच हा. ॲल्युमिनियम या थराच्या जवळपास शंभरपट चांगलं उष्णता वाहतं, म्हणजे कागदाएवढा पापुद्राही उष्णता अडवतो. शिवाय रेडिएटरच्या नळ्या मुळातच अरुंद. नुसत्या पाण्यात गंजरोधक नसल्याने आतून गंज धरतो तो वेगळाच. कूलंट म्हणजे रंगीत पाणी, साधं पाणी घातलं तरी चालतं, ही समजूत फार महागात पडते. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच प्रकारचं कूलंट घ्या आणि पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असं नसतं. जुनं काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी ११० अंशांनाही न उकळता राहतं. तापलेल्या गाडीचं झाकण फिरवलंत की दाब एका क्षणात उतरतो, पाण्याची वाफ होते आणि ती तोंडावर, छातीवर येते. त्यामुळे काटा लालकडे जाताना दिसला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण वाढवा (तो एक छोटा रेडिएटरच असतो), गाडी सुरक्षित कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. मग निदान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनवर बाटलीतलं गार पाणीही ओतू नका, धातू एकाएकी आकसून तडा जाऊ शकतो. आणि चढलेला काटा आपोआप खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नका. कूलंट गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो.

इंजिन गार झाल्यावर कूलंटच्या टाकीतली पातळी, होज पाइपांच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचे सुकलेले डाग बघा. इंजिन पुरेसं तापूनही वरचा होज कडक गरम आणि खालचा गारच असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा रेडिएटर तुंबलाय. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची डबी असते. मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. तो काढून स्वयंपाकात न लागणाऱ्या भांड्यात, तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने पाण्यात लोंबता धरा आणि गॅस लावा. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांदरम्यान उघडायला लागतात, आकडा त्याच्यावर कोरलेला असतो. पाणी खळखळून उकळलं तरी झडप मिटलेलीच राहिली तर नवा आणा.

नवं कूलंट भरल्यावर आत हवा अडकते. हीटर लावून इंजिन चालू ठेवा, गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हवा काढा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर पातळी बघा. एकदा थोडी उतरली तर ती हवेची जागा होती, खुणेपर्यंत भरा. बाहेर कुठेही ओल नसताना रोज उतरत असेल, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधट ऑइल दिसत असेल किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरी, गोडसर वासाची वाफ येत असेल, तर बहुधा हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील) गेलंय. ते घरी होणारं काम नाही. गाडी सुरू न करता टो करूनच गॅरेजला न्या.