अधिकार नसलेलं नेतृत्व : विदर्भातली अभ्यासकेंद्रं आणि भावनिक बुद्धिमत्ता

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी 'मुक्त'चा, म्हणजे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा, फॉर्म भरणाऱ्या बाईसाठी विद्यापीठ म्हणजे नाशिक नसतं, गावातल्या अभ्यासकेंद्रावरचे सर असतात. ही रचना घडायला बराच काळ गेला.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, तेव्हा अंतराचा प्रश्न टपालखातं सोडवेल अशी समजूत होती. पण पुस्तकांचं पार्सल मिळूनही माणसं मध्येच अभ्यास सोडत. अमेरिकेतले दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी सत्तरच्या दशकात मांडलं की खरं अंतर मैलांचं नसतं, संवादाचं असतं. स्वीडिश अभ्यासक होल्मबर्ग यांचा आग्रह होता की पाठ्यपुस्तकानेही विद्यार्थ्याशी आपुलकीने बोलावं.

१९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला स्थापन झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. विदर्भासाठी अमरावती आणि नागपूरला विभागीय केंद्रं आली, त्याखाली स्थानिक महाविद्यालयांतली अभ्यासकेंद्रं. बारावी न झालेल्यांनाही 'पूर्वतयारी' या प्रवेशाआधीच्या अभ्यासक्रमाची वाट मिळाली.

लगेच १९९० मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॅलोव्हे आणि मेयर यांनी भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली : आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या, त्यांचा विचारात उपयोग करायचा. डॅनियल गोलमन यांनी १९९५ च्या पुस्तकातून ती घराघरात नेली, १९९८ मध्ये नेतृत्वाशी जोडली आणि जोडताना इतकी ताणली की जिद्दसुद्धा तिच्यात बसली. पुढे शिक्षणक्षेत्रात प्राचार्यांकडून प्रश्नावल्या भरून घेण्याचं पीक आलं. स्वतःच स्वतःला गुण द्यायच्या अशा प्रश्नावलीवर माझा फारसा विश्वास नाही.

शिवाय गोलमन यांच्यासमोर कंपन्यांचे अधिकारी होते, माणसं नेमणारे, पगार वाढवणारे. अभ्यासकेंद्र चालवणाऱ्या केंद्र संयोजकाच्या हाती यातलं काहीच नाही. फी, परीक्षेच्या तारखा, पुस्तकं सगळं वरून ठरतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. रविवारच्या संपर्कसत्राला, म्हणजे केंद्रावरच्या समोरासमोरच्या वर्गाला, जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी गैरहजेरी नुसती नोंदवायची की फोन करून वावरातली अडचण ऐकायची, एवढंच त्याच्या हाती उरतं. नेतृत्व मोजायचंच असेल तर इथे मोजावं : पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला किती बसले.

२०२० च्या टाळेबंदीत हा संवाद मोबाइलवर गेला. मेळघाटात, गडचिरोलीत रेंजचीच मारामार. जिथे रेंज होती तिथेही ग्रुपवर 'ओके सर' यायचं, पण विद्यार्थिनी वेचणीमुळे थांबली की फी भरता आली नाही म्हणून, हे तिला वेगळं विचारल्याशिवाय कळत नव्हतं.